त्यांनी चहातली साखर सोडली!

माणसांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाराविरुद्ध दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या घराघरांतून एक वेगळाच लढा उभा राहिला. त्याचे हत्यार होते स्वयंपाकघरातला साखरेचा डबा.

आपल्याकडे लग्नाची बोलणी पक्की झाली की साखरपुडा होतो. कुणी चांगली बातमी आणली की 'तुमच्या तोंडात साखर पडो' असे आपण सहज म्हणून जातो. पेढे आणायला सवड नसेल तर चिमूटभर साखर हातावर ठेवून वेळ साजरी करता येते. माझी आजी संक्रांतीच्या आधी आठ दिवस शेगडीपुढे बसून तिळावर पाक चढवायची. हलव्याला नीट काटा आला की तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसे, तो मला अजून आठवतो. साखरेचा आणि दुःखाचा काही संबंध असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र साखरेचे एक भांडे आहे. निळ्या काचेचे, लहानसे, कुठल्याही सुखवस्तू घरातल्या चहाच्या टेबलावर शोभेल असे. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिले आहे, की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, ती गुलामांनी बनवलेली नाही. सन १८२०-३०च्या सुमारास हे भांडे तयार झाले. घरी आलेल्या पाहुण्याला ही गोष्ट साखरेच्या भांड्यावर लिहून सांगण्याची वेळ त्या गृहिणीवर का आली असेल?

शर्करेचा उलटा प्रवास

ऊस मूळचा न्यू गिनीकडचा. पण रस आटवून त्याचे खडे करण्याची विद्या भारतातली. आपल्या 'शर्करा' शब्दाचा अरबीत 'सुक्कर' झाला आणि तिथून युरोपात जाऊन तो 'शुगर' बनला. इंग्रजांची 'कँडी'सुद्धा आपल्या 'खंडा'चीच नात. अरबांबरोबर ऊस भूमध्य समुद्राकाठी पोहोचला आणि पंधराव्या शतकात पोर्तुगीजांनी तो अटलांटिक महासागरातल्या मदेरा बेटावर लावला.

ज्यांनी ऊस लावला, त्याच पोर्तुगीजांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे आणायलाही सुरुवात केली होती. सन १४४४ मध्ये पोर्तुगालच्या लागुश बंदरात २३५ बंदिवान उतरवून त्यांच्या वाटण्या झाल्या. राजपुत्र हेन्रीला पाचवा हिस्सा मिळाला. त्याच्याच पदरचा बखरकार झुरारा याने ते दृश्य लिहून ठेवले आहे. वाटणी करताना बाप एकीकडे, मुले दुसरीकडे जात होती आणि आया लेकरांना पोटाशी धरून जमिनीवर पालथ्या पडत होत्या. धन्याची स्तुती करायला बसलेल्या लेखकालाही डोळ्यांतले पाणी लपवता आले नाही. पुढे १४८२ मध्ये पोर्तुगीजांनी आजच्या घाना देशात एल्मिना हा किल्ला बांधला. आधी तिथे सोन्याचा व्यापार चाले, नंतर मुख्यतः माणसांचा.

कोलंबसाने १४९३ मधल्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. ऊस जोमाने वाढला, पण तो तोडणारे हात उरले नाहीत. युरोपियनांनी आणलेली देवी, गोवर यांसारखी दुखणी आणि सक्तीची मजुरी यांत तिथले मूळ रहिवासी काही दशकांतच झपाट्याने मेले. तेव्हा आफ्रिकेतून माणसे आणायची, असे ठरले. पोर्तुगीजांमागून डच, इंग्रज, फ्रेंच, डॅनिश असे सगळेच या धंद्यात उतरले. इतिहासकारांनी हजारो जहाजांची दप्तरे तपासून मांडलेला हिशेब असा, की १५०१ ते १८६६ या काळात सुमारे सव्वा कोटी माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत चढवली गेली आणि जिवंत उतरली ती सुमारे एक कोटी सात लाख. मधली अठरा लाख समुद्रात गेली. उतरलेल्यांपैकी जवळजवळ अर्धी एकट्या ब्राझीलमध्ये गेली. आज ज्या अमेरिकेच्या गुलामगिरीबद्दल आपण सिनेमात पाहतो, तिथे थेट आफ्रिकेतून नेलेली माणसे चार लाखांहूनही कमी होती. बाकीची बहुतेक कॅरिबियन बेटांवर, आणि तीही मुख्यतः उसासाठी.

आफ्रिकेतले राजे आणि व्यापारीही या देवघेवीत सामील होते, ते लढाईतले कैदी आणि पळवून आणलेली माणसे किनाऱ्यावर आणून विकत, हेही सांगितले पाहिजे. त्या बदल्यात त्यांना बंदुका, दारू, लोखंड मिळे. आणखी दोन गोष्टी मिळत, त्या आपल्याकडच्या. एक म्हणजे कोरोमंडल किनाऱ्यावर आणि गुजरातेत विणलेले सुती कापड. आफ्रिकेतल्या बाजारात त्याला इतकी मागणी होती, की युरोपातले व्यापारी ते आधी लंडन, नांत अशा बंदरांत आणून मग आफ्रिकेला नेत. दुसरी वस्तू म्हणजे कवडी. मालदीवच्या समुद्रातल्या कवड्या हिंदुस्थान आणि श्रीलंकेच्या बंदरांतून जहाजाच्या तळाशी भार म्हणून भरल्या जात, युरोपात जात आणि तिथून हजारो टनांनी पश्चिम आफ्रिकेत उतरत. तिथे त्या नाणे म्हणून चालत. 'कवडीमोल' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याच कवड्या मोजून माणसाची किंमत चुकती होत होती.

काहील आणि कुऱ्हाड

ज्यांनी कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिले आहे, त्यांना जमैका किंवा बार्बाडोसचा उसाचा मळा डोळ्यांपुढे आणणे जड जाणार नाही. तोच चरक, तीच रसाची काहील, तेच रात्रंदिवस धगधगणारे चुलवाण. ऊस तोडल्यावर लगेच गाळावा लागतो, नाहीतर रस उतरतो. त्यामुळे हंगामात काम थांबत नसे. फरक इतकाच, की इथे मजुराला घरी जाता येत नव्हते. दिवसभर तोडणी करून रात्री चरकावर उभे राहणाऱ्या माणसाचा डोळा लागला आणि उसाबरोबर बोटे आत गेली, की चरक सगळा हात ओढून घेई. म्हणून अनेक ठिकाणी चरकाजवळ एक कुऱ्हाड ठेवलेली असे. ती उसासाठी नसे.

मळेवाल्यांचा हिशेब सरळ होता. गुलामाच्या बायकोमुलांना पोसून घरचे मजूर वाढवण्यापेक्षा आहेत त्यांना राबवून संपवायचे आणि नवे विकत घ्यायचे, हे स्वस्त पडते. इंग्रजांच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटांवर एकंदर सुमारे तेवीस लाख माणसे उतरवली गेली. १८३४ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा तिथे शिल्लक होती साधारण पावणेसात लाख. काहींना पुढे इतरत्र विकले होते, हे धरूनही हा आकडा काय सांगतो ते वेगळे सांगायला नको.

इकडे इंग्लंडमध्ये साखरेची चटक वाढत होती. १७०० साली दर माणशी वर्षाला साधारण दोन किलो साखर खपे. १८००च्या सुमारास ती आठ किलोंवर गेली. चीनचा चहा आणि कॅरिबियनची साखर हा श्रीमंतांचा शौक राहिला नाही. गिरणीतला कामगारही गोड चहात पाव बुडवून पोट भरू लागला.

'झाँग'चा खटला

माणसाला माल समजले की पुढे काय होते, हे 'झाँग' नावाच्या जहाजाने जगाला दाखवले. हे जहाज मूळचे डच. त्याचे खरे नाव 'झॉर्ग', म्हणजे 'काळजी'. इंग्रजांनी ते १७८१ मध्ये पकडले, लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतले आणि नाव रंगवताना अक्षर चुकले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अक्रा सोडताना त्यावर ४४२ गुलाम होते, म्हणजे त्या आकाराच्या जहाजात मावतील त्यापेक्षा खूपच जास्त. कप्तान ल्यूक कॉलिंगवूड हा आधी जहाजावरचा डॉक्टर. जहाज हाकण्याचा त्याला अनुभव नव्हता. रोगराई पसरली, माणसे मरू लागली. त्यातच जमैका समोर आलेले असताना ते दुसरेच बेट समजून जहाज पुढे निघून गेले. आता मागे फिरायचे तर पाणी पुरणार नाही, असे सांगण्यात आले.

२९ नोव्हेंबर १७८१ रोजी संध्याकाळी ५४ बायका आणि मुले केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकलली गेली. १ डिसेंबरला ४२ पुरुष. त्यानंतरच्या दिवसांत आणखी ३६. दहा जणांनी आपणहून उड्या घेतल्या. आम्हाला अन्नपाणी काही देऊ नका, पण जगू द्या, अशी विनवणी एकाने इतरांच्या वतीने केली. तिचा उपयोग झाला नाही. समुद्रात फेकलेला एकजण दोर धरून पुन्हा वर चढला आणि वाचला. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागले, तेव्हा २०८ गुलाम जिवंत होते आणि पिपांत ४२० गॅलन पाणी शिल्लक होते.

पुढची गोष्ट त्याहून थंडपणाची आहे. मालकांनी विमा कंपनीकडे प्रत्येक बुडवलेल्या माणसामागे ३० पौंड मागितले. आजाराने मेलेल्या गुलामाची भरपाई मिळत नसे. पण जहाज वाचवण्यासाठी 'माल' समुद्रात टाकावा लागला तर ती मिळे. विमेकऱ्यांनी नकार दिला म्हणून प्रकरण कोर्टात गेले. मार्च १७८३ मध्ये ज्यूरीने निकाल दिला तो मालकांच्या बाजूने. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी नंतरच्या सुनावणीत म्हटले, की ज्यूरीच्या दृष्टीने हे प्रकरण घोडे समुद्रात टाकण्यासारखेच होते. माणसे फेकणे चालू असतानाच पाऊस पडून पाणी मिळाले होते, हे याच सुनावणीत उघड झाले आणि खटला पुन्हा चालवण्याचा आदेश निघाला. तो पुन्हा चालल्याची नोंद नाही. जहाजाची रोजनिशी गहाळ झाली होती, कप्तान जमैकाला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत मेला होता. खुनाचा गुन्हा कुणावरही दाखल झाला नाही.

तरीही हे प्रकरण दडपले गेले नाही, याचे श्रेय एका पूर्वीच्या गुलामाला. ओलाउदा इक्विआनो हा लहानपणापासून हातोहात विकला गेला होता. जहाजांवर काम करता करता फावल्या वेळात तो लहानसहान वस्तूंची खरेदी-विक्री करी. अशी पै-पै जमवून १७६६ मध्ये त्याने स्वतःला विकत घेतले. वर्तमानपत्रात 'झाँग'ची बातमी वाचून तो थेट ग्रॅनव्हिल शार्प या कायद्याच्या अभ्यासकाकडे गेला. शार्पने जिथे शक्य होते तिथे पत्रे लिहिली. केंब्रिजचे कुलगुरू पीटर पेकर्ड यांच्या मनाला हे प्रकरण इतके लागले, की १७८५ च्या लॅटिन निबंधस्पर्धेला त्यांनी विषयच दिला: एखाद्याला त्याच्या इच्छेविरुद्ध गुलाम करणे न्याय्य आहे काय? पहिले बक्षीस मिळवले थॉमस क्लार्कसन नावाच्या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. बक्षिसासाठी निबंध लिहिणारी मुले निबंध विसरून जातात. हा विसरला नाही. लंडनला जाताना वाटेत घोड्यावरून उतरून तो रस्त्याच्या कडेला बसला. आपण लिहिले ते खरे असेल तर कुणीतरी हे थांबवायला हवे, हा विचार त्याला सोडीना.

२२ मे १७८७ रोजी लंडनमधल्या एका छापखान्यात बारा माणसे जमली आणि गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली. क्लार्कसन ब्रिस्टल, लिव्हरपूलच्या धक्क्यांवर हिंडून खलाशांच्या जबान्या गोळा करू लागला. लिव्हरपूलच्या दुकानात उघडपणे विकायला ठेवलेल्या बेड्या आणि अंगठे पिळण्याचे साधन त्याने विकत घेतले आणि सभांमधून दाखवले. 'ब्रूक्स' या जहाजाचे एक चित्र छापले गेले. त्यात प्रत्येक पुरुषाला सहा फूट लांब आणि सोळा इंच रुंद जागा. चित्रातली माणसे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत, म्हणजे ४५४ होती. त्याआधी त्याच जहाजाने एका खेपेत ६०९ नेली होती. हे चित्र घरोघरी, खानावळींच्या भिंतींवर लागले. इक्विआनोने १७८९ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि गावोगाव हिंडून ते स्वतः विकले.

डब्याला झाकण

एवढे होऊनही एप्रिल १७९१ मध्ये पार्लमेंटने व्यापार बंद करण्याचे विल्बरफोर्स यांचे विधेयक १६३ विरुद्ध ८८ मतांनी फेटाळले. त्या सभागृहात मळेवाल्यांचे आणि बंदरवाल्यांचे वजन मोठे होते.

आता काय करायचे? उत्तर आले ते विल्यम फॉक्स नावाच्या पुस्तकविक्रेत्याच्या एका छोट्या पुस्तिकेतून. त्याने चक्क घरखर्चाचा हिशेब मांडला. आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने साखर सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळते, असे त्याचे गणित होते. गणित काटेकोर होते की नाही, हा वाद बाजूला ठेवू. पण त्याने बोट नेमके ठेवले. व्यापारी, कप्तान, मळेवाला हे सगळे गिऱ्हाइकासाठी राबतात. गिऱ्हाईकच नसेल तर? पुस्तिकेच्या हजारो प्रती काही महिन्यांत संपल्या.

आणि मग हा लढा पार्लमेंटातून स्वयंपाकघरात आला. स्त्रियांना मत नव्हते, अर्जांवर सह्यासुद्धा बहुधा पुरुषच करीत. पण वाण्याकडून काय आणायचे हे घरातली बाई ठरवीत होती. घराघरांत साखरेच्या डब्याला झाकण लागले. क्लार्कसन गावोगाव हिंडत होता. त्याच्या अंदाजाने तीन लाख लोकांनी साखर सोडली. काही वाण्यांचा साखरेचा खप तिसऱ्या हिश्श्याने, काहींचा निम्म्याने घटला. टवाळीही झाली. एका व्यंगचित्रात राजा जॉर्ज बिनसाखरेचा चहा मिटक्या मारीत पितो आहे, राणी काटकसरीचे गोडवे गाते आहे आणि राजकन्या तोंडे वाकडी करून कपाकडे पाहत आहेत. घरातल्या मुलांना हे व्रत किती जड गेले असेल, ते या चित्रावरून कळते.

त्याच ऑगस्टमध्ये फ्रेंचांच्या सँ-दोमँग या वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनीच बंड पुकारले. युरोपातली चाळीस टक्के साखर तिथून येत होती. बारा-तेरा वर्षे लढून, नेपोलियनच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ रोजी ते स्वतंत्र झाले. पुढे याच देशाकडून फ्रान्सने १८२५ मध्ये १५ कोटी फ्रँक 'नुकसानभरपाई' मागितली, आणि ती फेडता फेडता हैती कायमचा कंगाल झाला. या लढ्याच्या हकिगती इंग्रजी पुस्तकांत फार थोडक्यात उरकतात. मला विचाराल, तर गुलामगिरीवर सगळ्यात मोठा घाव घातला तो हैतीच्या लोकांनी. साखर सोडणाऱ्या घरांनी तो सोसण्याची इंग्लंडची तयारी करून घेतली.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला. पण आधीच गुलाम असलेले लोक गुलामच राहिले. पुढाऱ्यांचे म्हणणे, हळूहळू होईल. तेव्हा १८२४ मध्ये लेस्टर गावच्या एलिझाबेथ हेरिक या विधवा शिक्षिकेने पुस्तिका लिहिली: हळूहळू नाही, ताबडतोब. तिने लेस्टरमध्ये दारोदार फिरून पुन्हा साखर सोडायला लावली. बर्मिंगहॅमसारख्या ठिकाणी बायकांच्या मंडळ्या निघाल्या. बायकांनी असे घरोघरी हिंडणे खुद्द विल्बरफोर्स यांनाही पसंत नव्हते. बायकांनी त्यांचे ऐकले नाही. १८३० मध्ये बर्मिंगहॅमच्या मंडळीने मुख्य संस्थेला कळवले, की नावातला 'हळूहळू' काढा, तरच आमची पन्नास पौंडांची देणगी मिळेल. शब्द निघाला.

ते निळे भांडे याच काळातले. चहा गोड हवा असेल तर बंगालची साखर घ्या, तिच्यावर गुलामाचे रक्त नाही, असा प्रचार होता. तिच्यावर सरकारी जकात जास्त, म्हणून ती महाग. तरी लोक घेत. कंपनीच्या राज्यातला बंगालचा शेतकरी किती मोकळा होता, हे मात्र त्या भांड्यावर लिहिलेले नव्हते. हिंदुस्थानात गुलामीची कायदेशीर मान्यता गेली ती १८४३ मध्ये. आफ्रिकेतून समुद्रमार्गे माणसे आपल्याकडेही विकायला येत होती. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर हा लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या घरांत मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत.

भरपाई कुणाला?

१८३१ च्या नाताळात जमैकात सॅम शार्प या गुलाम धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजारोंनी काम थांबवले, पाहता पाहता मळे पेटले. शार्पला फासावर चढवले. पण आता हे चालणार नाही, हे लंडनला कळून चुकले. १८३३ मध्ये कायदा झाला, १ ऑगस्ट १८३४ पासून अमलात आला. दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. ही रक्कम सरकारच्या एका वर्षाच्या खर्चाच्या चाळीस टक्के होती, आणि ती मिळाली मालकांना. त्यासाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता ब्रिटिश करदात्यांनी फेडला तो २०१५ मध्ये. सुटका झालेल्या गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. उलट आणखी चार ते सहा वर्षे त्यांनी 'उमेदवार' म्हणून धन्याकडे बिनपगारी राबावे, असे ठरले; १८३८ मध्ये ते संपले.

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ मध्ये गेली, क्यूबात १८८६ मध्ये, ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. अमेरिकेतल्या त्या घटनेची दखल पुण्यात कुणी घेतली असेल तर जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले.

आणि उसाचे काय झाले? मळे होते, चरक होते, मोकळी झालेली माणसे पुन्हा तिथे राबायला तयार नव्हती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे कायदा अमलात येऊन तीनच महिने झाले असताना, 'ॲटलास' नावाचे जहाज मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात लागले. त्यातून उतरलेले ३६ मजूर हिंदुस्थानातून करारावर आणलेले होते. पुढच्या दशकांत त्यांच्यामागून साडेचार लाखांच्या आसपास लोक गेले. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून, काही मुंबई बंदरातून. यांत कोकणातली मराठी माणसेही होती. आजही मॉरिशसमध्ये त्यांचे वंशज आहेत, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुटी असते. त्यांच्या पणजोबांनी ज्या दगडी पायऱ्या चढून त्या बेटावर पाऊल ठेवले, त्या पोर्ट लुईच्या धक्क्यावर अजून शाबूत आहेत. त्या जागेला आता आप्रवासी घाट म्हणतात.